आणखी एक वर्ष

"गाडी आता अ‍ॅव्हरेज देत नाही." जुनी मोटरसायकल काढून नवी घ्यायचा विचार बहुतेक घरांत या वाक्यानं सुरू होतो. पाडवा किंवा दसरा जवळ आला की त्याला जोर चढतो. शोरूमच्या दारात मंडप पडतो, फलकावर किमतीपेक्षा हप्त्याचा आकडा ठळक असतो, आणि अंगणात उभी असलेली आपली गाडी एकाएकी फारच कळकट दिसू लागते. अ‍ॅव्हरेजचं कारण घरच्यांना पटतंही लवकर, कारण त्यात चैनीचा वास नाही, काटकसरीचा आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं, तर नवी गाडी घेण्याच्या सगळ्या कारणांत हेच सर्वांत लेचंपेचं निघतं.

समजा, राजगुरुनगरकडून चाकणच्या एमआयडीसीत कामाला जाणारा एक माणूस आहे. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे वर्षाला साधारण दहा हजार. त्याची २०१२ची शंभर सीसीची गाडी लिटरला ५० किलोमीटर जाते. नवी ६२ जाईल असं धरू. कंपनीच्या पत्रकात आकडा याहून मोठा असतो, पण पत्रकातला रस्ता आणि पुणे-नाशिक रस्ता यांची एकमेकांशी ओळख नाही. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं, तर जुन्या गाडीला वर्षाला २०० लिटर, म्हणजे २०,८०० रुपये लागतात. नवीला १६१ लिटर, म्हणजे सुमारे १६,८००. वाचले चार हजार. कर, विमा, पासिंग धरून नवी गाडी दारात यायला नव्वद हजारांच्या आसपास पडते. जुनीचे अठरा हजार आले, तरी खिशातून बहात्तर हजार गेले. पेट्रोलच्या बचतीतून ते परत यायला अठरा वर्षं लागतील. तोवर ही नवी गाडी आज विकायला काढलेल्या जुनीपेक्षाही म्हातारी झालेली असेल.

फरक एवढा थोडा का, याचं उत्तर इतिहासात आहे. हिरो आणि होंडा यांची भागीदारी १९८४ची, आणि तिची पहिली गाडी सीडी १०० ही १९८५ची. एकदा टाकी भरा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात असायची. त्या काळात रस्त्यावर दोन-स्ट्रोक गाड्यांचं राज्य होतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळणाऱ्या त्या गाड्यांच्या धुराचा वास चाळिशीपुढच्या वाचकांना अजून आठवत असेल. त्यांच्यापुढे या चार-स्ट्रोक गाडीचं अ‍ॅव्हरेज म्हणजे चमत्कार वाटला. १९९४मध्ये स्प्लेंडर आली ती याच इंजिनावर: ९७.२ सीसी, सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. मधल्या काळात चार-दोन गोष्टी बदलल्या, हिरो आणि होंडा वेगळे झाले, नाव बदललं, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. पण आजही शोरूममध्ये उभ्या असलेल्या स्प्लेंडरचं इंजिन मापानं तेच आहे. अ‍ॅव्हरेजची मोठी उडी आपल्याकडे दोन-स्ट्रोकवरून चार-स्ट्रोकवर जाताना पडली आणि ती कधीच पडून गेली. यामाहा आरएक्स १०० विकून स्प्लेंडर घेणाऱ्याला जो फरक दिसला, तो स्प्लेंडर विकून स्प्लेंडर घेणाऱ्याला दिसणार नाही.

शिवाय तो ५०चा आकडाही तपासायला हवा. बहुतेक लोक अ‍ॅव्हरेज अंदाजानं सांगतात: "दोनशेचं टाकलं की चार दिवस जाते." खरं मोजायचं तर टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर बसलं ते पाहायचं. असं तीनदा केलं की आकडा विश्वासाचा होतो. मोजण्याआधी एक सर्व्हिसिंग करून घ्यावं, नाहीतर आपण गाडीचं वय मोजतोय की स्वतःचा आळस, हे कळत नाही. मेन स्टँडवर गाडी लावून मागचं चाक हातानं फिरवा. दोन फेऱ्यांत कुरकुरत थांबलं तर ब्रेकचा लायनर ड्रमला घासतोय, आणि रोज तुम्ही ब्रेक दाबून गाडी चालवताय. चाकात हवा कमी, एअर फिल्टरमध्ये धूळ, चेन कोरडी, क्लच प्लेट घसरलेल्या, यांतलं प्रत्येक थोडं थोडं पेट्रोल खातं. हजार-बाराशेच्या सर्व्हिसिंगनं ५०ची गाडी ५५-५६ वर आली, तर वरची चार हजारांची बचत जवळजवळ निम्म्यावर येते.

त्यात आता पंपाचाही वाटा आहे. देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २०२५पर्यंत इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्मा असतो. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे साधारण साडेसहा टक्के. कागदावरचा हा आकडा रस्त्यावर जसाच्या तसा उतरतो असं नाही, इंजिनाप्रमाणे तो कमी-जास्त होतो. पण ५५ देणारी गाडी ५२ देऊ लागली, तर दोष गाडीचाच असेल असं नाही. नवी गाडीही त्याच पंपावर, त्याच नळीतून पिणार आहे. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्या मात्र या मिश्रणाला चालतील अशाच बनवलेल्या असतात. जुन्या गाडीत रबरी नळ्या, कार्बोरेटरमधली सील यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज धरू शकतो. रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास कमी होतो.

अ‍ॅव्हरेजचा मुद्दा इथे सोडू. जुनी गाडी फुकट पडत नाही, हे खरंच आहे. प्रश्न हा की तिचा खर्च मोजायचा कसा.

इथे थोडं विस्कॉन्सिनला जाऊन येऊ. अमेरिकेतल्या त्या राज्यात मॅडिसन नावाचं शहर आहे, आणि तिथल्या शहर बससेवेत हॅरल्ड झर्कर हे देखभाल विभागाचे प्रमुख होते. कोणत्या बसचं इंजिन उतरवून दुसरं बसवायचं आणि कोणतं अजून चालवायचं, हा निर्णय त्यांचा. जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञानं १९७४ ते १९८५ या काळातल्या १६२ बसच्या नोंदी घेतल्या आणि १९८७ साली एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच झर्कर यांचं नाव आहे. अर्थशास्त्राच्या वरच्या दर्जाच्या नियतकालिकात एका वर्कशॉपप्रमुखाचं नाव शीर्षकात यावं, ही दुर्मिळ गोष्ट. पुढे १९९२मध्ये या निबंधाला फ्रिश पदक मिळालं.

रस्टचा प्रश्न साधा होता. झर्कर कोणतंही सूत्र वापरत नसत, अनुभवानं ठरवत. मग त्यांचे निर्णय गणिताच्या कसोटीला उतरतात का? गणित असं: इंजिन जितकं जास्त चाललेलं, तितका त्याचा पुढचा खर्च जास्त. त्यात नुसते सुटे भाग धरायचे नाहीत, भर रस्त्यात बस बंद पडली तर प्रवाशांची होणारी गैरसोयही धरायची. दुसऱ्या बाजूला इंजिन बदलण्याचा एकरकमी खर्च. दर महिन्याला झर्करपुढे एकच प्रश्न असतो: आज बदलू, की आणखी एक महिना चालवू? जोवर आणखी एक महिना स्वस्त पडतो, तोवर थांबायचं. रस्टच्या हिशेबाप्रमाणे झर्कर यांचे निर्णय या तर्काशी बऱ्यापैकी जुळत होते.

मला या निबंधातली दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. रस्टनं आपल्या गणितात एक जागा मुद्दाम अशी ठेवली की तिथलं झर्करला दिसतं, पण संशोधकाला दिसत नाही. इंजिनाचा बदललेला आवाज, ऑइलचा रंग, ड्रायव्हरनं जाता जाता केलेली तक्रार, असलं काहीबाही त्या जागेत बसतं. नोंदवहीत ते येत नाही, पण निर्णयात येतं. आपल्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला गाडी स्टार्ट करून कान देतो आणि म्हणतो, "दादा, अजून दोन वर्षं बघायला नको हिच्याकडे." तेव्हा तो याच जागेतून बोलत असतो. त्याचं ऐकावं. मात्र नव्या गाडीवर कमिशन मिळणाऱ्या माणसानं तेच वाक्य म्हटलं, तर ते वेगळं वाक्य असतं.

त्याही आधी, १९४९मध्ये, जॉर्ज टरबॉर्ग या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं कारखान्यातल्या यंत्रांसाठी हाच विचार मांडला होता. जुन्या यंत्राला त्यानं बचाव करणारा म्हटलं आणि नव्याला आव्हान देणारा. त्याच्या मांडणीतला आपल्या कामाचा भाग एवढाच: बचाव करणाऱ्यावर आजवर किती खर्च झाला, हे विचारायचंच नाही. ते पैसे गेले. गेल्या दिवाळीत टायर टाकले, मार्चमध्ये चेन-स्प्रॉकेट टाकलं, म्हणून आता गाडी विकायची नाही, हा विचार जितका चुकीचा, तितकाच "हिनं आजवर खूप खाल्लं, आता बस" हाही चुकीचा. फक्त पुढचं वर्ष पाहायचं.

तर चाकणच्या आपल्या माणसाचं पुढचं वर्ष मांडू. जुनी गाडी ठेवली तर: पेट्रोल २०,८००. दुरुस्ती, ऑइल, टायरचा वाटा मिळून आठ हजार. आज अठरा हजारांना जाणारी गाडी वर्षभरानं पंधराला जाईल, म्हणजे तीन हजारांची घट. अशा शंभर सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा २०२२च्या दरानं ७१४ रुपये. आणि तेच अठरा हजार बँकेत असते तर त्यांवर मिळालं असतं ते व्याज, बाराशे धरा. एकूण सुमारे ३३,७००.

नवी घेतली तर: पेट्रोल १६,८००. देखभाल चार हजार. नव्वद हजारांची गाडी पाच वर्षांनी चाळीसला गेली, तर घट वर्षाला दहा हजार. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीबरोबर घ्यावाच लागतो, २०१८पासूनचा तो नियम आहे, आणि तो नव्वद हजारांत आलेला आहे. अडकून पडलेल्या पैशाचं व्याज सरासरी साडेचार हजार. एकूण ३५,३००.

फरक सोळाशे रुपयांचा, आणि तोही जुनीच्या बाजूनं. एवढ्यानं कुणी श्रीमंत होत नाही की बुडत नाही. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण बऱ्याच जणांचा हिशेब असाच काठावर येईल. काठावर आलेला हिशेब कशानं कलतो, ते पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चाल. गावातल्या शाळेत जाणारे गुरुजी वर्षाला चार हजार किलोमीटर गाडी चालवत असतील, तर त्यांची पेट्रोलची बचत सोळाशे रुपयांवर येते आणि नव्या गाडीची घट मात्र फारशी कमी होत नाही. त्यांनी जुनीच धुऊनपुसून वापरावी. उलट घरपोच जेवण पोहोचवणारा मुलगा वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर सहज पार करतो. त्याची बचत दहा हजारांवर जाते आणि बंद पडलेला प्रत्येक तास थेट कमाईतून वजा होतो. त्याच्यासाठी नवी गाडी लवकर पटते.

दुसरी गोष्ट म्हणजे खाडे. हजेरीवर काम करणाऱ्याचा एक दिवस बुडाला की सात-आठशे गेले. वर्षात तीन वेळा गाडीनं दगा दिला की सोळाशेचा फरक उलटा फिरला. पहिल्या पाळीला सकाळी साडेपाचला निघणाऱ्यासाठी, एकाच किकला उचलणारी गाडी हा खर्चाच्या रकान्यात न बसणारा पण खरा पैसा आहे.

तिसरी गोष्ट मोठ्या दुरुस्तीची, आणि इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मेकॅनिक सांगतो, बोअर-पिस्टन करावं लागेल, आठ हजार. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येतं: आठ हजार या म्हातारीवर घालायचे, त्यापेक्षा ते डाउन पेमेंटला का नकोत? पण नीट केलेलं इंजिनाचं काम एका वर्षात संपत नाही. ते चाळीस हजार किलोमीटर टिकलं, तर किलोमीटरला वीस पैसे पडले. नव्या गाडीची नुसती घटच किलोमीटरला एक रुपया आहे. शंभर सीसीच्या चालू गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, तोवर इंजिन हे गाडी काढायचं कारण होऊ नये.

धूर मात्र वाचता आला पाहिजे. सकाळी स्टार्ट करताना निळ्या धुराचा एक भपका येऊन मग थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची सील गेली आहेत. काम त्यामानानं स्वस्त. ओझं घेऊन चढ चढताना सतत निळा धूर येत असेल आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल कमी होत असेल, तर रिंगा झिजल्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर किंवा फिल्टर पाहा. किक मारताना पूर्वीसारखा प्रतिकार लागत नसेल, तर कॉम्प्रेशन उतरलं.

इंजिन बदलता येतं, सांगाडा बदलणं मात्र जवळजवळ नव्या गाडीएवढंच. म्हणून गाडीचं आयुष्य पाहायचं तर सीट काढून खालच्या चासीकडे, स्टँडच्या जोडाकडे आणि मागच्या स्विंग आर्मकडे पाहावं. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि गोव्याच्या पावसात इंजिन धडधाकट असताना सांगाडा आधी जातो. देशावर उलट, धूळ इंजिनाला खाते आणि चासी कोरडी ठणठणीत राहते. वेल्डिंग मारून जोडलेली चासी दिसली की हिशेब तिथेच थांबवावा. हायवेला ताशी साठच्या वेगात तो जोड उघडला, तर सोळाशे रुपयांना काही अर्थ राहत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मी या सगळ्याच्या वर ठेवीन. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. त्या आकड्यापुढे अ‍ॅव्हरेजची घासाघीस लाजिरवाणी वाटते. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोड-ब्रेक सक्तीचा झाला. पायानं मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आपल्याकडे पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते अशी एक जुनी भीती आहे आणि असंख्य लोक आयुष्यभर नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. प्रत्यक्षात गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याची ताकद तिथेच जास्त असते. ताशी पन्नासच्या वेगात नुसत्या मागच्या ब्रेकनं गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर ढोबळमानानं सत्तावीस-अठ्ठावीस मीटर लागतात, दोन्ही ब्रेक नीट वापरले तर सोळा-सतरा. मधले दहा-अकरा मीटर म्हणजे उभ्या असलेल्या एका ट्रकची लांबी. ज्याला दोन्ही ब्रेक वापरायची सवय आहे त्याला जुनी गाडीही हे देते, फक्त लायनर नवे हवेत. ज्याला ती सवय नाही आणि लागणारही नाही, त्याच्यासाठी २०१९नंतरची गाडी हा खरा बदल आहे.

दिव्याचंही तसंच. रात्रपाळी करून अंधाऱ्या रस्त्यानं परतणाऱ्याला जुन्या गाडीचा मिणमिणता पिवळा झोत पुरत नाही. काच पिवळी पडलेली असते, वायरिंगमध्ये गंज असतो. ते बदलता येतं आणि आधी तेच बदलावं. एप्रिल २०१७पासूनच्या गाड्यांचा दिवा दिवसाही लागलेला असतो. रस्त्यानं जाताना निम्मे लोक हात हलवून "लाइट चालू आहे" असं सांगायचे ते दिवस आठवतात. समोरच्याला आपण दिसावं, एवढाच त्याचा हेतू.

धुराच्या बाबतीत नवी गाडी निर्विवाद पुढे आहे. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांत इंजेक्शन, ऑक्सिजन सेन्सर आणि धूर शुद्ध करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतं. हवा बिघडवणारे वायू त्यामुळे फार कमी होतात. कार्बन डायऑक्साइडचं गणित मात्र वेगळं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्या उदाहरणात वर्षाला ३९ लिटर वाचतात, म्हणजे नव्वद किलो. शंभर-सव्वाशे किलोची नवी गाडी घडवताना ओतलेलं पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम याहून कितीतरी जास्त सोडून बसलेलं असतं, आणि ते फेडायला काही वर्षं जातात. गल्लीतल्या हवेसाठी नवी गाडी, पृथ्वीसाठी बहुधा जुनी, असा हा पेच आहे.

नव्या गाडीचा एक तोटा शोरूमवाला सांगत नाही. कार्बोरेटरची गाडी बॅटरी मेली तरी किकवर निघते. रस्त्याकडेचा कोणीही पोऱ्या प्लग साफ करून, जेट फुंकून तिला चालू करतो. इंजेक्शनच्या गाडीत पंप, सेन्सर आणि छोटा संगणक असतो. बॅटरी पार उतरली तर ती अडून बसते, आणि दोष शोधायला स्कॅनर लागतो. टाकीतल्या पेट्रोल पंपाला पेट्रोलच थंड ठेवतं, म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत पळवायची सवयही मोडावी लागते. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात राहणाऱ्यानं गाडी घेण्याआधी जवळचा स्कॅनरवाला मेकॅनिक किती किलोमीटरवर आहे, ते विचारावं.

मग येतात कागद. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली म्हणजे गाडी भंगारात गेली, हा समज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. तिथे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. फी एप्रिल २०२२मध्ये तीनशेवरून हजार झाली, आणि वीस वर्षांपुढच्या मोटरसायकलींसाठी ऑगस्ट २०२५मध्ये दोन हजार. उशीर केला तर दंड महिन्यागणिक चढतो. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला नव्या सुरक्षित नंबरप्लेटचे जीएसटीसह ५३१ रुपये धरा. हे सगळं मिळून गाडी काढायला लावण्याएवढं ओझं होत नाही, पण पंधरावं वर्ष हा बसून हिशेब करायला चांगला मुहूर्त आहे.

नवी घ्यायचीच ठरली तर पैसा कुठून, यावर पुष्कळ अवलंबून आहे. शोरूममध्ये व्याज "फ्लॅट दहा टक्के" असं सांगतात. सत्तर हजारांवर तीन वर्षांचं फ्लॅट दहा टक्के म्हणजे एकवीस हजार व्याज, हप्ता सुमारे २,५३०. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असते आणि व्याज मात्र पूर्ण सत्तर हजारांवर लागलेलं असतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या हिशेबात बसवलं तर हा दर अठरा टक्क्यांच्या घरात जातो. वर काठावर आलेला हिशेब या एका गोष्टीनं जुन्या गाडीकडे चांगलाच झुकतो. सप्टेंबर २०२५मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे काही हजारांचा दिलासा मिळाला. तो व्याजात घालवू नये. वर्षभर थांबून तोच हप्ता स्वतःच्या पोस्टाच्या खात्यात भरता आला, तर तीस हजार जमतात आणि जुनी गाडी तेवढा काळ बहुधा काढते.

मला विचाराल तर चाकणच्या त्या माणसानं मधला मार्ग पाहावा: चार-पाच वर्षं वापरलेली, एका मालकाची बीएस-६ गाडी. पहिल्या मालकानं सगळ्यांत मोठी घट सोसलेली असते. विम्याच्या तक्त्यातही गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेर पंधरा टक्क्यांनी आणि पाच वर्षांअखेर पन्नास टक्क्यांनी उतरवलेली असते. चाळीस-पंचेचाळीस हजारांत जोड-ब्रेक, इंजेक्शन आणि नोंदणीची दहा वर्षं शिल्लक, हा सौदा बहुतेक कोऱ्या गाड्यांहून बरा. २०१७च्या मार्चअखेरची गाडी दिसली तर जरा थांबावं. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत विक्रेत्यांनी हजारो रुपये सोडून त्या खपवल्या होत्या. गाडी वाईट नाही, पण ती नियमांनी दोन पिढ्या मागची आहे आणि तिची नोंदणी २०३२मध्ये संपते. किंमत त्या हिशेबानंच द्यावी.

जुनी गाडी देताना शेवटचं काम राहतं, आणि तेच लोक उरकून टाकतात. एक्स्चेंजला दिली की फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून आपण घरी येतो. गाडी दलालाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जाते आणि आरसीवर नाव आपलंच राहतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं नेमकं अशाच साखळीत सांगितलं की अपघाताची भरपाई नोंदणीत ज्याचं नाव आहे, त्या मालकाकडून वसूल होईल. गाडी विकल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. म्हणून फॉर्मवर खरेदीदाराचं नाव आणि तारीख आपल्यासमोर भरून घ्यावी, त्यांची आणि त्याच्या आधारकार्डाची प्रत ठेवावी, आणि महिनाभरानं परिवहनच्या अ‍ॅपवर आपला जुना नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का, ते पाहावं. नाव तेच दिसलं, तर दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये जाऊन उभं राहावं.